फ्रेंच जेवण, जपानी घर आणि खांबाखाली वाकलेले आमचे सासरे

आधीच सांगते, फ्रेंच जेवायला जायचं हे माझं डोकं नव्हतं, नवऱ्याचं होतं. सासरे कुडाळहून दोन महिन्यांसाठी कोबेला आमच्याकडे आलेले, पहिल्या तीन आठवड्यांत देवळं झाली, किल्ले झाले, बुलेट ट्रेन झाली, आणि मग हा म्हणाला बाबांना आता काहीतरी वेगळं दाखवू. आता बाबा म्हणजे आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. हॉटेलात गेले की मेनू नंतर, आधी टेबल हलवून बघतात पाय डगमगतोय का. अशा माणसाला पाच कोर्सच्या लंचला न्यायचं म्हणजे माणशी साडेसहा हजार येन, म्हणजे साधारण पावणेचार हजार रुपये, पाण्यात घालायचे असं माझं स्पष्ट मत होतं. पण ते रेस्टॉरंट होतं ताम्बा-सासायामाला, जुन्या व्यापाऱ्याच्या घरात, आणि ऑक्टोबर होता. ऑक्टोबरात सासायामाला जायला मी कधीच नाही म्हणत नाही, का ते पुढे येईलच.

बुकिंग फोनवरूनच. ऑनलाइन फॉर्म होता पण खाली लिहिलेलं की खाण्याचं काही बंधन असेल तर फोन करा. आमचं बंधन एकच, बीफ नाही. मासे चालतात, चिकन मटण सगळं चालतं, म्हटलं दोन मिनिटांचं काम. वीस मिनिटं लागली. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं बीफ नको म्हणजे मांस नको की रसही नको. मी म्हटलं रस? तर म्हणाल्या आमच्या सॉसचा पाया फॉन-द-वो असतो, म्हणजे वासराची हाडं भाजून भाज्यांबरोबर तासन्‌तास उकळून काढलेला अर्क, तो चालेल का. मला एकदम धस्स झालं, कारण इतकी वर्षं जपानात राहून "बीफ नको" सांगून मी निवांत जेवत आलेय आणि तो तपकिरी चकचकीत सॉस कशाचा असतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं!! असो, झालं ते झालं. मग त्यांनी विचारलं जिलेटिन चालेल का, ते पण गाई-डुकरापासूनच असतं. म्हटलं तेही नको. त्या म्हणाल्या ठीक आहे, कान्तेन वापरू. कान्तेन म्हणजे आपलं चायना ग्रास. नाव चायना, पण ते सापडलं जपानातच, क्योतोजवळ फुशिमीला, असं इथे सांगतात.

दुसऱ्या दिवशी त्यांचा उलटा फोन आला की शेफशी बोलणं झालं, तुमच्या तिघांसाठी सॉस हरणाच्या हाडांचा करतो, चालेल ना. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी आधी मला, मग फोनला बघितलं आणि हळूच विचारलं, "हरणाचा मटण? आणि जेलात नाय घालणत?" नाही घालत, उलट इथे हरणं इतकी वाढलीयेत की ह्योगो, म्हणजे आमच्या प्रांताचं, सरकारच दरवर्षी शिकार करून संख्या कमी करतं. गावागावांत शेतांना तारेची जाळी मारलेली दिसते ती हरणं आणि रानडुकरांसाठीच. हे ऐकल्यावर बाबांना एकदम जपानबद्दल आपुलकी वाटायला लागली. आमच्याकडे वानर आणि डुकरांनी दर वर्षी भात आणि नारळ किती खाल्ला याचा हिशोब त्यांना तोंडपाठ आहे.

कोबेहून आमागासाकीला गाडी बदलून सासायामागुचीला जायचं. ताकाराझुका सोडलं की बोगदे सुरू होतात आणि बोगद्यांमधल्या फटीतून खाली नदी दिसते, मग एकदम दरी मोकळी होते आणि भातशेती. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर लांब आहे आणि मला वाटतं ह्यामुळेच गाव वाचलं, स्टेशनसमोरचा कचरा तिथपर्यंत पोचलाच नाही. पुढे बसने पंधराएक मिनिटं.

गाव वसलं किल्ल्यामुळे. १६०९ साली तोकुगावा इएयासुच्या, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या खऱ्या सत्ताधीशाच्या, हुकमाने इथे किल्ला बांधला, पश्चिमेकडच्या सरदारांना कामाला लावून, म्हणजे ओसाकाच्या तोयोतोमी या प्रतिस्पर्धी घराण्यावर नजर पण राहील आणि सरदारांचा पैसा पण खर्च होईल. किल्ल्याला तो मधला उंच बुरूज कधी बांधलाच नाही. मोठा दिवाणखाना होता तो १९४४ ला आगीत गेला, आत्ता आहे तो २००० साली परत उभा केलेला. किल्ल्याच्या बाजूला सामुराईंची गवती छपराची घरं, आणि पूर्वेला कावारामाची, व्यापाऱ्यांची पेठ. ही पेठ २००४ पासून सरकारी संरक्षित यादीत आहे, घर तुमचं असलं तरी दर्शनी भागाला वाटेल तसा हात लावता येत नाही.

आणि ऑक्टोबर का, तर काळे एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. ताम्बागुरो नावाचं काळं सोयाबीन इथे होतं, टपोरं, नवीन वर्षाला गोड शिजवून खातात ते. ते डिसेंबरात सुकल्यावर काढतात. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ह्याच्या कोवळ्या शेंगा विकायला परवानगी मिळते आणि पुढचे दोन-तीन आठवडेच, मग संपलं. त्या काळात रस्त्यारस्त्यावर शेतकरी झाडासकट जुड्या बांधून विकतात आणि आख्खं ओसाका गाड्या घेऊन येतं, ट्रॅफिक असा की आमची बस एका चौकात दहा मिनिटं हललीच नाही. शेंग दिसायला अजिबात देखणी नाही, लव तपकिरी, वर डाग, आतला दाणा जांभळट करड्या सालीचा. हिरव्यागार एदामामेच्या शेजारी ठेवलं तर लोक हिला टाकून देतील. पण चव, काय सांगू, उकडलेल्या वालात थोडं चेस्टनट मिसळल्यासारखी.

बसमुळे आम्ही बारा मिनिटं उशिरा. जपानात बारा मिनिटं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना कळेल. मी बसमधूनच फोन करून तीनदा माफी मागितली.

घर बाहेरून फार काही नाही. रुंदीला जेमतेम पाच-सहा मीटर, वरच्या मजल्याला मातीच्या गजांची बुटकी खिडकी, कौलं करडी. पण आत शिरलं की खोल खोल जातच राहतं, इथे अशा घराला ईल माशाचं अंथरूण म्हणतात, लांबुळकं. दारातून आत आलं की दोमा, म्हणजे मातीच्या जमिनीचा पट्टा थेट मागच्या अंगणापर्यंत. बाबा तिथेच थांबले. बूट काढायच्या आधी वाकून जमिनीवर तळहात फिरवला. "ही चोपल्ली जमीन आसा." खरंच आहे, माती, चुना आणि मिठागरातलं कडू पाणी मिसळून लाकडी ठोकळ्याने ठोकून ठोकून करतात, नावच मुळी ताताकी, म्हणजे ठोकणे. आमच्याकडे चोपण्याने चोपतात तसंच. आम्हाला आत घ्यायला आलेल्या बाई हातात चपलांची टोपली घेऊन उभ्या, बारा मिनिटं उशीर आधीच झालेला, आणि हे जमिनीवर हात फिरवतायत. मी हसून काहीतरी बोलले. बाईंना वाटलं बाबांचं काहीतरी पडलं, त्या पण वाकून शोधायला लागल्या.

बसायची व्यवस्था तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, पण खुर्च्या-टेबल. मला बरं वाटलं, बाबांचे गुडघे गेलेत. खुर्चीच्या पायांना खाली आडव्या पट्ट्या, घसरगाडीसारख्या, म्हणजे तातामीत पाय रुतत नाही. बाबांनी लगेच खुर्ची उलटी करून बघितली. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं कुजबुजत जेवत होतं, ते थांबले. मी म्हटलं बाबा ठेवा. म्हणाले "पट्टी वेगळ्या लाकडाची आसा, झिजली की बदलूक येता." ठेवली खुर्ची.

एक बारीक तक्रार करते, आत थंडी होती. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, बाहेर ऊन, आणि आत पायाखालून गार वारा. जुनं घर तसंच्या तसं ठेवलं की फटी पण तशाच्या तशा राहतात. गुडघ्यावर घ्यायला छोटं ब्लँकेट देतात, पण मग ब्लँकेट सांभाळा, नॅपकिन सांभाळा, काटे-चमचे सांभाळा.

आधी आला काळ्या सोयाबीनचा भाजका चहा, साधाच, पण थंडीत जीव आला. मग त्या शेंगांचं पोताज, म्हणजे दाट फ्रेंच सूप. मला वाटलं हिरवंगार येईल, आलं ते राखाडी-जांभळट, बघायला अगदीच बिचारं. शेफने क्रीम जवळपास घातलंच नव्हतं बहुतेक, कारण दाण्याचीच चव तोंडभर होती, आणि वर तीन दाणे अख्खे, मीठ लावून भाजलेले. नवरा म्हणाला हे भांड्यात काय आहे त्यापेक्षा भांडंच बघा, ताम्बा-याकी आहे, म्हणजे इथलं मातीचं भाजलेलं भांडं. ताचिकुइ म्हणून गाव आहे जवळच, जपानच्या सहा पुरातन भट्ट्यांपैकी एक तिथली. तिथे टेकडीच्या उतारावर १८९५ सालची ४७ मीटर लांब भट्टी अजून आहे, सुरवंटासारखी चढत गेलेली. आम्ही बघितलीय. वाडगा जड, तपकिरी, त्यावर राखेचा हिरवट ओघळ. बाबा म्हणाले जड भांडं बरं, गरम राहतं. पोताज त्यांनी दोन मिनिटांत संपवलं आणि माझ्याकडे बघून, "ह्या झाला, पण पोटाक काय गावतला मां?"

प्रत्येक कोर्सबरोबर एक कार्ड होतं आधीच टेबलावर ठेवलेलं, त्यावर पदार्थाचं नाव नाही, कच्च्या मालाचं नाव आणि शेजारी गाव. शेंगा अमुक वाडीच्या, मासा अमुक ओढ्याचा, चेस्टनट अमुक डोंगराचे. मागच्या बाजूला हाताने काढलेला छोटा नकाशा. सगळं वीसेक किलोमीटरच्या आत, फक्त लोणी, वाइन आणि मिरी बाहेरची. मी बाबांना वाचून दाखवत होते, ते म्हणाले आमच्याकडे पण सगळं वीस किलोमीटरच्या आतलंच असायचं, पण ते गाडी नव्हती म्हणून. मला हसू आलं आणि मग वाटलं ह्यात चूक काय बोलले ते.

मासा होता आमागो. ओढ्यातला, हाताच्या वितीएवढा, अंगावर बारीक लाल ठिपके. तेलात मंद आचेवर इतका वेळ ठेवलेला की डोक्यापासून शेपटीपर्यंत काट्यासकट खाता येतो. फ्रेंच लोक बदकाचं असं करतात, कॉन्फी. इथे माशाला लावलंय. बाबांनी काटा-सुरी बाजूला ठेवली, शेपटीला धरून उचलला आणि डोक्याकडून सुरू केलं. मी इकडे तिकडे बघितलं, तर शेजारच्या आजोबांनी पण मग तसाच उचलला! आजी त्यांना काहीतरी पुटपुटल्या. मला कळलं नाही पण सूर ओळखीचा होता.

मग एका छोट्या किटलीतून चिकनचं पारदर्शक सूप, त्यात मात्सुताकेच्या दोन चकत्या. मात्सुताके ही अळंबी म्हणजे जपान्यांचा जीव की प्राण, ताम्बाचं तर जास्तच नावाजलेलं आणि किमती ऐकून चक्कर येते. मी इतकी वर्षं प्रयत्न करतेय पण मला तो वास ओल्या पाचोळ्यासारखाच येतो. सूप मात्र सुंदर होतं. माझ्या दोन चकत्या नवऱ्याने खाल्ल्या.

आता खरी गोष्ट. माझ्या शेजारी जो खांब होता तो घराचा मुख्य खांब, दाइकोकु-बाशिरा. दाइकोकु हा इथला धनधान्याचा देव, कोठीघराचा, हातात हातोडा आणि खांद्यावर पोतं, आणि मुळात तो आपला महाकाल, बौद्ध धर्माबरोबर इकडे आला आणि हसरा झाला. हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी आधी खांबाला नमस्कार केला. मग त्यावर बोटाच्या पेराने ठोकलं. वरून ठोकत ठोकत खाली आले, आणि जमिनीपासून हातभर वर थांबले. तिथून लाकडाचा रंग बदलत होता. वर काळपट, चुलीच्या धुरात पिढ्यान्‌पिढ्या भाजलेलं, खाली फिकट, नवीन. आणि मध्ये एक तिरकी रेघ, त्या रेघेत एक चौकोनी खुंटी.

बाबा खुर्चीवरून उतरले, गुडघे गेलेत हे विसरून तातामीवर ओणवे झाले आणि टेबलाखालून खांबाकडे बघायला लागले. तेवढ्यात मेन कोर्स आला. ताट हातात घेऊन बाई उभ्या, बाबांची खुर्ची रिकामी आणि खालून आवाज, "खिळो खंय दिसणा नाय गो. खालचो तुकडो नवो घातल्यानी आसा, पण खिळो नाय. कोणी केल्यान ह्यां?"

मी खूप ओशाळले. बाईंना सांगितलं की हे सुतार आहेत. त्यांनी "आ!" केलं, ताट टेबलावर ठेवलं, आत गेल्या आणि टॉर्च घेऊन आल्या. टॉर्च!! आणि मग त्या पण खाली बसल्या किमोनो सावरत, आणि दोघं टॉर्च मारून बघतायत, मी टेबलावर बसून भाषांतर करतेय, आणि माझं हरीण गार होतंय.

तर ती गोष्ट अशी की घर बरीच वर्षं बंद होतं. इथे अशी घरं ढिगाने आहेत, २०२३ च्या सरकारी पाहणीत आख्ख्या जपानात रिकामी घरं ९० लाख निघाली, शंभरातली जवळपास चौदा. बंद घरात ओल चढली आणि खांबांचे बुंधे कुजले. खांब बदलायचा तर वरचं सगळं उतरवावं लागतं, म्हणून घर जॅकवर थोडंसं उचलून धरतात, कुजलेला बुंधा कापून टाकतात आणि नवीन लाकडाचा पाय बसवतात. ह्याला नेत्सुगी म्हणतात, मुळाचा सांधा. वरच्या आणि खालच्या तुकड्याला एकमेकांत अडकणाऱ्या खाचा आणि जिभा असतात, दोन्ही बाजूंनी सरकवून बसवायचे आणि मग मधल्या चौकोनी भोकात खुंटी ठोकली की दोन्ही तुकडे एकमेकांना आवळून धरतात. खिळा नाही, गोंद नाही. परत काढायचं तर खुंटी उलटी ठोकायची.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मेस्त्री हुशार आसा." त्यांच्या तोंडून दुसऱ्या सुताराबद्दल हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

बाईंनी मग फोटोंचा अल्बम आणला, काम चालू असतानाचे. एका फोटोत भिंत उघडी पडलेली, आत बांबूच्या कामट्या सुतळीने बांधलेल्या आणि त्यावर पेंढा मिसळलेली माती. "अगो, ह्यो तर कुड!" एका फोटोत सुतार रंधा मारतोय, आणि बाबा म्हणाले हा फोटो उलटा छापलाय. नाही, जपानी रंधा आणि करवत दोन्ही स्वतःकडे ओढून चालवतात, आपल्यासारखं पुढे ढकलून नाही. त्यामुळे करवतीचं पातं पातळ ठेवता येतं, ओढताना वाकत नाही. बाबांना पटेना. हात पुढेमागे करून बघत होते, हवेतल्या हवेत. दुसऱ्या एका फोटोत उंबऱ्याखालचं आडवं लाकूड बदलताना दिसत होतं आणि बाईंनी सांगितलं हे कुरी, म्हणजे चेस्टनट. ओलीत टिकतं, लवकर कुजत नाही, म्हणून जमिनीलगतच्या पाटाला पूर्वीपासून तेच. तुळया मात्र पाइनच्या, वाकड्या असतील तशाच वाकड्या बसवलेल्या.

हरीण गारच खाल्लं मी शेवटी, कोमट म्हणू फारतर. तरीही सांगते, अप्रतिम होतं. आतून गुलाबी, मऊ, वास अजिबात नाही. शिकार झाल्या झाल्या रक्त काढून मांस थंड केलं तर उग्रपणा राहत नाही म्हणे. सॉस काळसर, मिरीचा, वाइनचा आंबूसपणा, तो त्यांनी खास आमच्यासाठी हरणाच्या हाडांचा केलेला. मी पावाने ताट पुसून काढलं, पाव तांदळाच्या पिठाचा होता, तोही गावचाच. फ्रेंच पद्धत आणि जपानी गावातलं सामान हे जुळवून आणलेलं वाटेल अशी मला भीती होती, पण तसं काही झालं नाही. तसंही जपानात फ्रेंच जेवण नवीन नाही, मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून, दरबारी मेजवान्या फ्रेंचच असायच्या. मला खटकतं ते दुसरंच, हल्ली कुठलंही जुनं घर घ्यायचं, पिवळे बल्ब लटकवायचे, आत पास्ता विकायचा आणि कोमिंका कॅफे म्हणायचं. तिथे खांब शोभेचा असतो. इथे निदान खांबाबद्दल विचारलं तर टॉर्च मिळाला.

बाबांना हरीण कसं वाटलं ते विचारलं. "सगळा बरा हा, पण भात खंय?"

हे मला अपेक्षित होतं आणि मी ठरवलेलं की ह्याचं भाषांतर करायचं नाही. पण त्या बाईंना "भात" शब्दाचा सूर कळला की काय कोण जाणे, त्यांनी मला विचारलं काही हवंय का. मी म्हटलं काही नाही, फार छान आहे म्हणतायत. पाप लागलं असेल तर लागो.

शेवटी मों ब्लाँ. चेस्टनटच्या मिठाईचा तो शेवयांसारखा डोंगर सगळ्या जपानभर मिळतो, पिवळा गोडमिट्ट. इथला फिकट तपकिरी आणि साखर जेमतेम. ताम्बाचे चेस्टनट मोठे असतात आणि बाईंनी सांगितलं आधी महिनाभर थंडीत ठेवतात म्हणजे गोडी वाढते. शेवया आमच्यासमोर पाडल्या, लाकडी दाबयंत्रातून, अगदी आपल्या सोऱ्यासारख्या. बाबा पहिल्यांदाच जेवणाकडे नीट बघत होते. मग त्यांनी विचारलं हे म्हणजे तेच का, उंबऱ्याखालचं लाकूड ज्याचं, त्याचंच फळ? हो. मग एक घास घेतला, खांबाकडे बघितलं, आणि म्हणाले "आमच्या फणसासारखा." आमच्या कुडाळच्या घराचे खांब फणसाचे आहेत, आणि फणस खाल्ल्याशिवाय मे महिना जात नाही. मला हे इतक्या वेळात सुचलं नव्हतं. मी आपली नकाशातली गावं वाचत बसलेले.

मग त्यांनी पेन मागितलं आणि मेनूच्या कार्डावर, मागे त्या नकाशाच्या बाजूला जी कोरी जागा होती तिथे, तो सांधा काढला. समोरून, बाजूने, आणि दोन तुकडे वेगळे करून. खुंटीला बाण करून मराठीत लिहिलं "हय पाचर".

बिल आलं ते सर्व्हिस चार्ज धरून अंदाजाच्या बाहेर गेलेलं, वाइन नवऱ्याची दोन ग्लास, आकडा लिहित नाही. बाहेर पडताना बाई आणि शेफ दोघं रस्त्यावर येऊन आम्ही वळेपर्यंत वाकून उभे. बाबा पण प्रत्येक वेळी मागे वळून वाकत होते, त्यामुळे त्या गल्लीतून बाहेर पडायला आम्हाला बराच वेळ लागला. कोपऱ्यावर एका आजींकडून शेंगांची जुडी घेतली, ट्रेनमध्ये ती माझ्या मांडीवर, पानं सगळ्या डब्यात.

घरी पोचलो संध्याकाळी सात. बाबा म्हणाले, "पोट भरला, पण जेवलंय असा वाटणा नाय." कुकर लावला. डाळ, भात, लोणचं, आणि त्या शेंगा मीठ घालून उकडल्या. दोन वेळा भात घेतला त्यांनी.

पुढचे दिवस त्यांचा कार्यक्रम त्यांनीच ठरवला. शिन-कोबे स्टेशनजवळ ताकेनाका सुतारकाम हत्यारांचं म्युझियम आहे, मी इतकी वर्षं त्याच्या शेजारून ट्रेन पकडतेय आणि एकदाही आत गेले नव्हते. हे तीनदा गेले. तिथे सांध्यांचे नमुने हातात घेऊन उघडून परत जोडता येतात. ओसाकाच्या किल्ल्यात पण गेलो, देखावा बघायला नाही, ओतेमोन दरवाज्याच्या एका खांबाचा सांधा बघायला. दोन बाजूंनी त्याचा आकार एक दिसतो, दुसऱ्या दोन बाजूंनी भलताच, आणि हे आत सरकवलं कसं हे कोडं शेवटी एक्स-रे काढल्यावर सुटलं. गर्दी सगळी वर किल्ल्याचे सेल्फी काढत होती आणि आम्ही दरवाज्यात अर्धा तास, येणारे-जाणारे आमच्याकडे बघून त्या खांबाकडे बघत होते आणि काही न दिसल्यामुळे पुढे जात होते. जाताना सामानात मिकी गावची ओढायची करवत, कपड्यांत गुंडाळून.

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फोटो आला. पडवीतला कोपऱ्याचा खांब, खालून वाळवीने खाल्लेला, कधीपासून सिमेंटचा पाय लावून घेऊ म्हणत होते तो. आता त्याला हातभर नवीन फणसाचा पाय, तिरकी रेघ, मध्ये पाचर. शेजारी जमिनीवर ते मेनूचं कार्ड, वर लाकडाचा भुसा. मी म्हटलं बाबा जमलं की! तर लगेच फोन केला. म्हणाले काय जमलं, फट राहिलीय, पोस्टकार्ड जाईल एवढी, करवत ओढायला अजून हात वळत नाही, पुढच्या पावसाआधी काढून परत बसवणार. आणि मग, ठेवता ठेवता, "गो, त्या शेवयांच्या डोंगराचा नाव काय होता? हय सगळ्यांका सांगतंय, पण नाव येणा नाय."